गायरान कुणी खाल्लं

माझ्याविषयी जे काही छापून आलंय त्यात हे कुठंच नाही. घरी सांगितलेलं नाही. मैत्रिणींना नाही. एका मैत्रिणीला तर सांगायचीही गरज नाही, तिला माहीतच आहे, आणि म्हणून तिच्यापुढं मी हा विषय कधी निघूच दिला नाही. आज तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का? बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मी लोकसंख्येची अभ्यासक. किती जन्मले, किती गेले, कोण कुठून कुठं सरकलं, हे मोजणं माझं काम. पण अलीकडं मला बोलावतात ते दुसऱ्याच विषयासाठी. लोकसंख्या आणि पर्यावरण यांचा अभ्यास निरनिराळ्या शास्त्रांनी आधी वेगवेगळा कसा केला आणि मग ती शास्त्रं एकमेकांजवळ कशी आली, यावर मी बोलते. बरं बोलते, असं लोक म्हणतात. सुरुवातीला प्रत्येकाची आपापली खिडकी होती, असं मी सांगते. आमच्यासारखे डोकी मोजायचे, वनस्पतीवाले गवत मोजायचे, भूगोलवाले नकाशे काढायचे आणि समाजशास्त्रवाले लोकांच्या ओट्यावर बसून ऐकायचे. सगळ्यांच्या मनात मात्र एकच सरळ हिशोब असायचा — माणसं वाढली की झाडोरा घटणार. मग हळूहळू लोक एकमेकांच्या खिडकीतून डोकावायला लागले. जमीन कुणाच्या ताब्यात आहे, कोण किती वापरतं, गाव कोण सोडतं, घरातल्या बाईच्या हातात काय असतं, हे प्रश्न आले. हिशोब सरळ राहिला नाही. अभ्यास मोठा झाला.

हे सगळं खरं आहे. फक्त या गोष्टीतलं एक गाव मी गाळते.

गाव भोकरदन तालुक्यातलं, राजूरच्या पलीकडं. नाव नको. तिथं अजून तीच माणसं राहतात. मी नुकतीच पीएच.डी.ला लागले होते. आमच्या सरांना एक प्रकल्प मिळाला होता — वाढती लोकसंख्या आणि उजाड होणारी गायरानं. त्या काळी ही नवी गोष्ट होती, कारण सरांनी एकाच गावात तीन शास्त्रांची माणसं उतरवली होती. एक वनस्पतीशास्त्राचा संशोधक होता, तो दिवसभर लाकडी चौकटी मांडून त्यातलं गवत मोजायचा. माणसांची गणना माझ्याकडं. आणि भूगोलाकडून रेहाना. ती जालन्याचीच, माझ्याच वयाची, आणि आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो. खोली आबांनी दिलेली. आबा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, मोसंबीच्या बागा असलेले. जेवण त्यांच्याकडूनच यायचं. माणूस प्रेमळ होता — हे मी मुद्दाम सांगतेय, म्हणजे तुम्ही त्यांना खलनायक करून मला सोडून देणार नाही.

गावाच्या वरच्या अंगाला टेकडी होती, आणि टेकडीवर गायरान. तिथं मेंढरं चारायला यायची ती मारोती आणि कौसाबाई या नवरा-बायकोची. त्यांचे वाडवडील मेंढरामागं हिंडणारे, आता थोडं कोरडवाहू रान आणि कळप यावर घर चालायचं. कौसाबाई माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल. मला तिच्या घरी गणनेसाठी एकदाच जायचं होतं, पण मी पुनःपुन्हा जायला लागले. चुलीपाशी बसायचं, तिच्या हातची भाकरी खायची, गप्पा मारायच्या. परक्या गावात कुणीतरी आपलं असल्यासारखं वाटायचं. तिच्या अवतीभवती सहा लेकरं असायची. थोरली लक्ष्मी, मग एक मुलगा, आणि मागं चार लहानगी.

एका दुपारी लेकरं बाहेर गेल्यावर तिनं मला सांगितलं की त्यातली चार तिची नाहीत. जावेची. जाऊ आजारानं गेली, दीर दुसरा संसार करून निघून गेला, आणि हिनं चौघांना पदराखाली घेतलं. तेव्हा ती लेकरं इतकी लहान होती की त्यांना आठवतच नाही.

"त्यांना म्हाईत न्हाई ताई," ती म्हणाली. "कळू बी द्यायचं न्हाई मला. सहाच हायेत माझे."

मी मान हलवली. आणि कुणाला सांगितलं नाही. हे वचन मी पाळलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण वचनाचं नाव पुढं करून मी काय केलं माहितीय? अभ्यासात कौसाबाईच्या पुढं सहा मुलं धरली. दोन धरली असती, चार वेगळी दाखवली असती, नाव न घेता दाखवता आलं असतं — अशी सोय आमच्या शास्त्रात आहे. पण मोठं कुटुंब, मोठा कळप, उजाड टेकडी — हे कौसाबाईच्या घरात जितकं ठसठशीत बसत होतं तितकं दुसऱ्या कुठल्याच घरात बसत नव्हतं. दोन म्हटलं असतं तर सगळा आलेखच मऊ पडला असता. तो आलेख मला आवडला होता. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण एखादी रेघ आपण म्हणतो तशीच वर गेली की फार बरं वाटतं.

हे त्यातलं लहान.

मोठं असं. एके दिवशी रेहाना म्हणाली, "चल, तुला काहीतरी दाखवते." ती मला टेकडीच्या खालच्या अंगानं घेऊन गेली. हातात गावाचा जुना नकाशा, पण नकाशाची गरज नव्हती. गायरानाच्या हद्दीचे जुने दगड उपटून बांधाला लावलेले दिसत होते. त्या हद्दीच्या आत नांगरट होती, कपाशी होती, आणि पुढं तारेच्या कुंपणामागं मोसंबीची कोवळी झाडं. आबांची होती, आणखी दोघा-तिघांची होती. गायरानाचा सपाट, मातीचा, गवताचा भाग सगळा खालीच होता, आणि तो गेला होता. मेंढरांना राहिला होता तो वरचा खडकाळ माथा. सगळा कळप तेवढ्यात कोंबला गेल्यावर तिथं गवत टिकेल कसं?

"बघितलंस ना?" रेहानानं विचारलं.

"बघितलं," मी म्हणाले.

गायरान म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी मंठ्याकडची. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतलेली, आणि त्याच आजोबांनी गावच्या गायरानाचा एक तुकडा दगड वेचून कसायला घेतला होता. उभ्या पिकात गुरं घालून त्यांना तिथून उठवलं. गावानं बैठक घेऊन ठरवलं होतं म्हणे. मी हे ऐकत वाढले. बैठकीत ज्याला जमीन नाही त्याच्या बाजूनं कुणी बोलत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. मग?

रेहानानं सरांना सांगितलं. मी शेजारी उभी होते. सर चिडले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, जमिनीचे वाद महसूलवाले बघतील. आपला प्रश्न तो नाही. आपण माणूस आणि गवत यांचं नातं बघतोय."

"पण सर, दोघांच्या मधे तार आहे ना," रेहाना म्हणाली. "ती कोण बघणार?"

सर माझ्याकडं वळले. "तुला काय वाटतं?"

मी म्हणाले, "तो वेगळा विषय होईल, सर."

वेगळा विषय. शास्त्रांच्या भिंती किती सोयीच्या असतात बघा. माणूस त्यांच्याआड उभा राहू शकतो.

काही दिवसांनी गावात सभा झाली. मारुतीच्या देवळाच्या पारासमोर, सकाळच्या उन्हात. गायरानावर झाडं लावायची आणि चराई बंद करायची, असा ठराव यायचा होता, आणि त्याआधी सरांनी आमचा अभ्यास लोकांना समजावून सांगायचा होता. रेहाना नव्हती, आईची तब्येत बिघडली म्हणून जालन्याला गेली होती. सर बोलले. मी केलेली चित्रं कापडावर लावली होती. त्यात एक फोटो होता — मीच काढलेला. उघड्या टेकडीवर कौसाबाई, भोवती सहा लेकरं, मागं मेंढरं. तिनं तो हौसेनं काढून घेतला होता, लेकरांचे केस विंचरून. मला एक प्रत द्या म्हणाली होती.

फोटो बघून लोक हसले. मागून कुणीतरी विचारलं, "कौसे, किती गं लेकरं तुला?"

लेकरं तिच्या पदराला धरून तिथंच उभी होती. तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सहा."

पुन्हा हशा. त्या एका शब्दाची किंमत त्या सगळ्या गर्दीत फक्त दोघींना माहीत होती. ती खाली बघत नव्हती, मी बघत होते.

मग मारोती उठला आणि बसला, त्याला बोलता येईना. कौसाबाईच बोलली. "मेंढरं खात्यात, न्हाई कोन म्हनतं. पर खालचं रान कुठं गेलं, ते बी इचारा की कुनीतरी." गलका झाला. कुणी म्हणालं, ते पहिल्यापासूनच आमचं आहे. कुणी म्हणालं, बाईमाणसानं सभेत बोलू नये. आबांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. "भांडायचं कशाला? शिकलेली माणसं आल्यात. ती काय म्हणतात ते ऐकू."

तेव्हा ती माझ्याकडं वळली. सरांकडं नाही, माझ्याकडं. मी तिच्या चुलीपाशी बसलेली ना.

"ताई, तुम्ही सांगा. हे सगळं गायरान आमच्याच मेंढरांनी खाल्लं का?"

 सगळे बघत होते, ते आठवतं. सर बघत होते. आबा तर अगदी मायेनं बघत होते.

मी म्हणाले, "अभ्यासात तसंच दिसतंय, कौसाबाई."

झालं. एवढंच. हे सांगायला मी इतकी पानं फिरत राहिले.

मला कुणी धमकावलं नव्हतं. खोली गेली असती तर दुसरी मिळाली असती. सर रागावले असते, पण सर वाईट नव्हते. काही महिन्यांनी विसरले असते. मी लहान होते? रेहानाही तेवढीच होती. मला कळत नव्हतं? मी वर सांगितलंय, कळत होतं. तिनं विचारलेला प्रश्न अगदी साधा होता, आणि "नाही, पूर्ण खरं नाही" एवढं म्हणायचं होतं. मग मी का नाही म्हणाले? खूप खणल्यावर खाली एकच गोष्ट सापडते, आणि ती फार क्षुल्लक आहे. आयुष्यात पहिल्यांदा एका गावाची बैठक माझ्या तोंडाकडं बघत होती. आजोबांना उठवलं तशी बैठक. आणि मी उठवणाऱ्यांच्या बाजूला, खुर्चीवर होते. ती खुर्ची मला सोडायची नव्हती.

ठराव झाला. रेहाना परत आली तेव्हा तिनं विचारलं, "सभेत तुला काही बोलायला लावलं का?"

"नाही," मी म्हणाले. "मला कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी तिला गावातून कळलं. ती भांडली नाही. सामान बांधताना एवढंच म्हणाली, "विचारलं नाही म्हणालीस म्हणून वाईट वाटलं. बाकी ठीक आहे." तिनं प्रकल्प सोडला. तिचं प्रकरण अहवालातून वगळलं गेलं आणि पानांचे क्रमांक नव्यानं टाकायचं काम माझ्याकडं आलं.

चराई बंद झाल्यावर कळप किती दिवस कोंडून ठेवणार? मारोतीनं तो भोकरदनच्या बाजारात विकला. लक्ष्मीची शाळा सुटली. पुढच्या उन्हाळ्याच्या आत घर जालन्याला गेलं. लावलेली झाडं काही जगली, बरीच जळाली. मोसंबी मात्र चांगली आली.

माझं सगळं नीट झालं. पदवी मिळाली, नोकरी लागली. आणि मग वारं फिरलं. बाहेरचे अभ्यासक विचारायला लागले — नुसती डोकी मोजून काय होतं, जमीन कुणाची ते बघा. सरळ हिशोबाला जागोजाग तडे जायला लागले. मीही तेच लिहायला घेतलं. मला ते सोपं गेलं, कारण मला उदाहरण माहीत होतं. कुंपण, उपटलेले दगड, वरच्या खडकावर कोंबलेला कळप — सगळं लिहिलं, गावाचं नाव बदलून, जणू नंतर कधीतरी दुसरीकडं कुठंतरी पाहिलं असावं तसं. रेहानाचं म्हणणं माझ्या नावावर छापून आलं. तळटीपेत 'स्थानिक सहकाऱ्यांशी झालेली चर्चा' असं लिहिलं. त्या लेखानं माझं नाव झालं. रेहाना तेव्हा जालन्यात एका शाळेत शिकवत होती. तिचा फोन आला. "बराबर लिहिलंस," म्हणाली. मी आभार मानले. ती आणखी काही म्हणेल म्हणून मी थांबले, पण तिनं शाळेची घंटा झाली म्हणून फोन ठेवला.

लक्ष्मी भेटली ती त्यानंतर. गाव सोडून आलेल्यांवर आमचं काम चालू होतं आणि मी जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांमागच्या वस्तीत हिंडत होते. एका दारात उभी असलेली बाई माझ्याकडं बघत राहिली. "तुम्ही फोटोवाल्या ताई ना?" आईचाच चेहरा. तिनं मला आत बोलावलं, चहा टाकला. ती बियाणं निवडायच्या कामाला जात होती. वडील कारखान्यात भट्टीजवळ काम करून डोळ्यांनी अधू झालेले, बाजेवर बसलेले. भाऊ आणि धाकटी चौघं मार्गी लागलेली. आई कावीळ होऊन गेली, म्हणाली. दोन वर्षं झाली होती.

 मी म्हणाले, "तुमच्यावर फार वाईट वेळ आली तेव्हा."

"आली खरी," लक्ष्मी म्हणाली. मग मलाच धीर दिल्यासारखं सांगायला लागली. "आमचे बाबा तुम्हाला लई बोलायचे ताई. पर आई बोलू द्यायची न्हाई. ती म्हनायची, ती पोरगी परक्या गावची. खालचं रान कुनाचं व्हतं ते तिला काय म्हाईत? म्हाईत असतं तर बोलली असती. घरी जेवून गेल्ती ती."

चहा गरम होता, मी तो पीत राहिले. मारोती बाजेवरून माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत होता. माझ्याकडं वेळ होता, घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि समोर बसलेल्या दोघांना खरं काय ते कळायचा हक्क होता. मी म्हणाले, "कौसाबाई मोठ्या मनाच्या होत्या."

आणि आता शेवटचं, जे मला सगळ्यात लागतं. त्यानंतर वर्षभरानं मला एका ग्रंथासाठी या अभ्यासाचा इतिहास लिहायला सांगितला. शास्त्रं वेगळी कशी होती, जवळ कशी आली, ते. सुरुवातीच्या प्रकल्पांच्या चुकांपाशी मी अडले. कितीतरी वेळा लिहिलं, खोडलं. शेवटी एक वाक्य जमलं: 'त्या काळात पुरेशा माहितीअभावी संशोधकांना जमिनीच्या मालकीचा प्रश्न दिसू शकला नाही.' ते वाक्य आज विद्यार्थी पाठ करतात. ते माझं नाही. ते कौसाबाईचं आहे. तिनं मला दिलेली सवलत मी उचलली, प्रमाण भाषेत घातली आणि सगळ्या पिढीच्या नावावर चढवली. इतरांना दिसलं नसेलही, मला ठाऊक नाही. आमच्या गटात तिघांना — रेहानाला, मला आणि सरांना — कळलं होतं, आणि त्यातली एक बोलली होती.

गेल्या महिन्यात व्याख्यान संपल्यावर एक विद्यार्थिनी उभी राहिली. परतूरकडची असावी, बोलण्यावरून वाटलं. तिनं विचारलं, "मॅडम, पण कुणालाच कसं दिसलं नाही? गावात राहून?"

मी हसले. म्हणाले, "तेव्हा आमची नजरच तशी तयार झालेली नव्हती." तिनं ते लिहून घेतलं आणि खाली बसली.

लक्ष्मी सणावाराला फोन करते. मुलीला पर्यावरणाचा विषय घ्यायचाय म्हणते, तुमच्यासारखं व्हायचंय तिला. मी कोणतं कॉलेज बरं ते सांगते. ती "आईला लई बरं वाटलं असतं," असं म्हणते. मी हो म्हणते.